कमलाबाई सोहोनी : तीन अटींवर मिळालेली विद्या

आपल्या इंदुरात जन्मलेल्या मोठ्या माणसांची नावे निघाली, म्हणजे दुर्गाबाई भागवतांचे नाव आपण अभिमानाने घेतो. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीला विरोध करणारी ही विदुषी १९१० साली आपल्याच गावी जन्मली, हे जुन्या घरांतून अजून सांगितले जाते. परंतु त्यांच्या पाठची बहीण कमला हिचाही जन्म १९११ साली इथलाच, आणि तीही आपल्या क्षेत्रात तितकीच खंबीर निघाली, हे मात्र पुष्कळांना आठवण करून द्यावे लागते. दुर्गाबाईंचा लढा चारचौघांत झाला. कमलाबाईंचा लढा प्रयोगशाळेच्या बंद दारांमागे झाला, आणि तिथल्या लढ्यांना प्रेक्षक नसतात. म्हणून आज कमलाबाईंविषयी लिहावे असे मनात आले.

वडील नारायणराव भागवत आणि चुलते माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. जमशेटजी टाटांच्या देणगीतून आणि म्हैसूर दरबारने दिलेल्या जमिनीवर बंगलोरला १९०९ साली जी विज्ञानसंस्था स्थापन झाली, तिच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी हे बंधू होते. बंगलोरचे लोक तिला आजही टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात. तेव्हा भागवतांच्या घरात त्या संस्थेचे नाव आजोळच्या गावासारखे घेतले जात असले पाहिजे. कमलेने मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. रसायन हा मुख्य आणि पदार्थविज्ञान हा दुय्यम विषय घेऊन १९३३ साली पूर्ण केली, ती गुणवत्ता यादीत पहिली येऊन. पुढचे पाऊल ठरलेलेच होते. तिने बंगलोरला अर्ज धाडला.

त्याच वर्षी संस्थेच्या संचालकपदावर सर चंद्रशेखर वेंकट रामन आले होते. पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक १९३० साली मिळवलेला, सगळ्या देशाने डोक्यावर घेतलेला हा पुरुष. संस्थेचा पहिला हिंदी संचालक. त्यांनी अर्ज नाकारला. गुण कमी पडले म्हणून नाही, जागा भरल्या म्हणूनही नाही. अर्जदार मुलगी होती, एवढेच कारण होते.

इथे पुष्कळशा घरांत गोष्ट संपली असती. एवढ्या मोठ्या माणसाने नाही म्हटले, आता दुसरे काही बघ, असे वडीलधाऱ्यांनी म्हटले असते आणि मुलीने ते ऐकलेही असते. कमला भागवत बंगलोरला गेली. आपल्याला का नाकारले हे तिने संचालकांना समोरासमोर विचारले, आणि प्रवेश मिळेपर्यंत सत्याग्रह करण्याचा पवित्रा घेतला. तो काळ गांधींचा होता. मिठाचा सत्याग्रह होऊन तीनच वर्षे झाली होती, आणि परक्या सरकारपुढे बसण्याचे धैर्य घराघरांत शिकवले जात होते. आपल्याच देशातल्या, आपल्याच पूज्य माणसापुढे तसे बसायचे धैर्य मात्र वेगळे. ते या वीसबावीस वर्षांच्या मुलीने दाखवले.

रामन नमले, पण अटी घालून. पहिली अट अशी, की पहिले वर्षभर तिला नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही; काम पाहून संचालकांचे समाधान झाले तरच ते धरले जाईल. दुसरी, मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा, काम केले पाहिजे. तिसरी, प्रयोगशाळेतले वातावरण तिने बिघडवता कामा नये. म्हणजे तिच्यामुळे पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होऊ नये.

या अटी वरवर वाचल्या तर शिस्तीच्या वाटतात, आणि त्यातच त्यांची धार आहे. पहिल्या अटीचा अर्थ असा, की विद्यापीठात पहिली आलेली मुलगीसुद्धा संशयित. दोष सिद्ध झालेला नाही, पण निर्दोष असल्याचा पुरावा तिनेच रोज द्यायचा. दुसऱ्या अटीत तास मोजण्याचा अधिकार तिच्याकडून काढून घेतलेला आहे. आणि तिसरी तर विलक्षणच. दुसऱ्याचे मन विचलित झाले तर अपराध त्याचा नाही, ज्या व्यक्तीकडे तो बघतो तिचा! कोणी शिवी दिली नाही, कोणी हात उगारला नाही. तीन वाक्यांत एका बुद्धिमान मुलीला सांगून टाकले, की तू इथे आहेस ती आमच्या मेहेरबानीने आहेस.

मी स्वतः रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत पस्तीस वर्षे काढली. छळ म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर आरडाओरडा येतो. शास्त्राच्या कामाच्या जागी तो क्वचितच तसा येतो. माझ्या उमेदीच्या काळात ज्या खात्यात मी काम करीत होते, तिथे नाजूक तराजूच्या खोलीची किल्ली सगळ्या साहाय्यकांना मिळे. मला ती रोज मागून घ्यावी लागे, आणि देणारे गृहस्थ नेमके जेवायला गेलेले असत. वजन करायचा पदार्थ तोवर हवेतला ओलावा शोषून बसे आणि सकाळचे काम वाया जाई. वर्षअखेरीस माझे काम हळू चालते असा शेरा पडला. तक्रार करायची तर कशाची? किल्ली कोणी नाकारली नव्हती. कमलाबाईंच्या चरित्राशी माझी ओळख पुढे कितीतरी वर्षांनी झाली. त्या तीन अटी वाचल्या तेव्हा ती किल्ली पुन्हा हातात आल्यासारखे वाटले.

कमलाबाईंना मार्गदर्शक मात्र चांगले लाभले. श्रीनिवासय्या हे त्यांचे नाव. गृहस्थ कडक होते, काम कसून घेत; परंतु त्यांची कडकाई विषयासाठी होती, माणसाला लहान करण्यासाठी नव्हती. ग्रंथालयात बसून मूळ लेख वाचावेत, शंका आली तर थेट परदेशातल्या त्या त्या शास्त्रज्ञाला पत्र घालून विचारावी, अशी सवय त्यांनी लावली. हाताखालच्या माणसाकडून खूप अपेक्षा करणे आणि त्याचा छळ करणे या दोन गोष्टींत किती अंतर आहे, हे एकाच संस्थेतल्या या दोन माणसांकडे पाहिले की कळते. एकाने काम मागितले. दुसऱ्याने काम करण्याचा हक्कच रोज नव्याने मागायला लावला.

बंगलोरला कमलाबाईंनी दुधातली आणि डाळीकडधान्यांतली प्रथिने हा विषय घेतला. ज्या देशात बहुसंख्य माणसांची प्रथिने वरणाच्या वाटीतून येतात, तिथे हा विषय घेणारी मुलगी काय विचार करीत होती हे सांगायला नको. वर्ष संपले. काम पाहून संचालकांचे समाधान झाले, तिला रीतसर विद्यार्थिनी म्हणून मान्यता मिळाली, आणि १९३६ साली तिने एम. एस्सी. विशेष प्रावीण्यासह मिळवली. त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश देण्यास रामन यांनी हरकत घेतली नाही. म्हणजे एका मुलीने वर्षभर गिळलेल्या अपमानावर मागून येणाऱ्या मुलींची वाट तयार झाली. अशा वाटा पुष्कळ आहेत. त्यांवरून चालणाऱ्यांना खालची खडी दिसत नाही.

रामन यांच्याविषयी अन्याय होऊ नये म्हणून आणखी दोन गोष्टी सांगते. पहिली अशी, की सत्तेच्या जागी होणारा त्रास या थोर माणसानेही सोसला. संस्थेच्या कारभारावरून त्यांच्याविरुद्ध वातावरण तापले, चौकशी समिती नेमली गेली, आणि १९३७ साली त्यांना संचालकपद सोडावे लागले. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक म्हणून मात्र ते १९४८ पर्यंत तिथेच राहिले. दुसरी गोष्ट त्यांच्या बाजूची नाही. १९४० साली अ‍ॅना मणी ही त्रावणकोरकडची मुलगी त्यांच्याच प्रयोगशाळेत आली. हिरे आणि माणके यांच्या प्रकाशगुणांवर तिने पाच शोधनिबंध लिहिले, प्रबंधही सादर केला. एम. एस्सी. नाही, या कारणासाठी मद्रास विद्यापीठाने तिला डॉक्टरेट दिली नाही. हा नकार विद्यापीठाचा, रामन यांचा नव्हे. परंतु त्यांच्या प्रयोगशाळेत मुलामुलींनी एकमेकांशी मोकळेपणाने शास्त्राची चर्चा करावी हेसुद्धा त्यांना रुचत नसे. पुढे याच अ‍ॅना मणींनी हिंदुस्थानच्या हवामानखात्यासाठी उपकरणे देशातच बनवण्याचे मोठे काम उभे केले. पदवी नाकारल्याने विद्या अडली नाही, हे खरे. परंतु ते नाकारणाऱ्याचे समर्थन होऊ शकत नाही.

कमलाबाई १९३७ साली शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजला गेल्या आणि न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाल्या. तिथे डॉक्टर डेरेक रिक्टर यांनी त्यांना दिवसा काम करायला आपल्याकडचे टेबल देऊ केले. त्याच टेबलावर रात्री रिक्टर स्वतः झोपत, असे सांगतात. बंगलोरला जागेसाठी सत्याग्रहाची भाषा करावी लागली होती. इथे एका परक्या माणसाने आपले अंथरूण गुंडाळून जागा करून दिली. पुढे त्या रॉबिन हिल यांच्या हाताखाली वनस्पतींच्या पेशींवर काम करू लागल्या. बटाट्याच्या पेशींचा अभ्यास करताना त्यांना वनस्पतींच्या ऊतींत ‘सायटोक्रोम सी’ हा पदार्थ सापडला. आपण श्वासावाटे घेतलेल्या प्राणवायूचा उपयोग पेशी ज्या साखळीने करून घेते, तिची ही एक कडी. जनावराच्या स्नायूत आणि मातीतल्या बटाट्यात जगण्याची रीत आतून एकच आहे, असा त्याचा अर्थ.

या कामावरचा त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता. केंब्रिजला पोचल्यापासून दीड वर्षाच्या आत तो पुरा झाला आणि १९३९ साली त्यांना पीएच. डी. मिळाली. शास्त्रात पीएच. डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री, असे त्यांना बहुतेक ठिकाणी म्हटले जाते. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट १९३१ साली मिळालेली असल्यामुळे या पहिलेपणाच्या वादात मी पडत नाही. पहिली असो की दुसरी, वाट एकटीचीच होती.

केंब्रिजलाही सोन्याचा मुलामा द्यायचे कारण नाही. बायकांना पुरुषांच्या बरोबरीने पूर्ण पदवी आणि विद्यापीठाचे सभासदत्व त्या विद्यापीठाने १९४८ साली दिले. तोवर परीक्षा तीच, काम तेच, पदवी मात्र नावापुरती. तरीसुद्धा जीवनसत्त्वांच्या शोधासाठी १९२९ सालच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स तिथल्या जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते, आणि त्यांनी आपल्याकडे बायकांना ज्या संख्येने व ज्या मोकळेपणाने जागा दिली, तशी त्या काळी केंब्रिजात दुसरीकडे क्वचितच मिळे. कमलाबाईंनाही त्यांच्याकडे काम करण्याची संधी मिळाली. एकच नियमपुस्तक असलेल्या विद्यापीठात दोन दालनांतले हवामान इतके निराळे असू शकते. ते वरच्या खुर्चीत बसलेल्या माणसावर ठरते.

१९३९ साली त्या मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात जीवरसायनशास्त्राच्या प्रमुख, नंतर निलगिरीतल्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक, अशी पदे त्यांनी भूषविली. १९४७ साली विमागणिती असलेल्या श्री. सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईस आल्या. फोर्टमधल्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, जीवरसायनशास्त्राचे नवे खाते निघाले, तिथे त्या प्राध्यापक झाल्या.

मुंबईतले त्यांचे काम आपल्या स्वयंपाकघराच्या फार जवळचे आहे. वाल, पावटे आपण भिजवतो, मोड आणतो, मगच बिरडे करतो. का, असे विचारले तर आजी सांगे, की कच्चे बाधतात. का बाधतात ते कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत दाखवले. स्वादुपिंडातून पाझरणारा ट्रिप्सिन नावाचा पाचकरस प्रथिनांचे तुकडे करतो. कच्च्या कडधान्यात त्या रसाचे काम थोपवणारे पदार्थ असतात; पोटात प्रथिन गेले तरी ते अंगी लागत नाही. उष्णतेने हे अडवणारे पदार्थ बरेचसे निकामी होतात. आपल्याकडच्या पावट्यातून असा पदार्थ स्फटिकरूपात वेगळा काढल्याचा त्यांचा निबंध १९५५ साली ‘नेचर’ या प्रतिष्ठित ब्रिटिश साप्ताहिकात छापून आला.

दुसरे काम नीरेचे. ताडामाडाचा रस सूर्य चढण्यापूर्वी काढला तर तो नीरा, उन्हात आंबला की ताडी. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरा तपासायला घेतली. तिच्यात जीवनसत्त्वे आणि लोह आहे, आणि आटवून गूळ केला तरी त्यातले बरेच टिकते, असे त्यांना आढळले. गरोदर बायका आणि आदिवासी भागातली कुपोषित मुले यांच्या आहारात स्वस्त पूरक म्हणून नीरेचा उपयोग होऊ शकतो, असा या कामाचा रोख होता. त्यासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. आरे दूध योजनेलाही दुधाच्या गुणवत्तेविषयी त्यांचा सल्ला होता. हे सारे विषय गरिबाच्या ताटातले आहेत, हे लक्षात घ्यावे.

आता जे सांगायचे आहे, ते बंगलोरच्या गोष्टीइतके प्रसिद्ध नाही. संस्थेच्या संचालकपदावर कमलाबाईंचा हक्क झाला तेव्हा अंतर्गत राजकारणाने त्यांना चार वर्षे त्या खुर्चीपासून दूर ठेवले. १९३३ सालचा नकार एका माणसाचा होता. त्याच्यासमोर जाऊन उभे राहता येत होते. या चार वर्षांच्या नकाराला चेहराच नव्हता. ज्याच्या दारात बसावे असे दारच नव्हते. तेव्हा त्या एकवीस-बावीस वर्षांच्या होत्या. आता केंब्रिजची पदवी, राष्ट्रपतींचे पारितोषिक आणि तयार केलेले विद्यार्थी पाठीशी होते. तरीही वाट पाहणे चुकले नाही. लायकी वाढली की त्रास आपोआप थांबतो अशी आपली भाबडी समजूत असते. पुष्कळदा लायकी वाढल्यावर तो अधिक सभ्य होतो, इतकेच. अखेर १९६०च्या दशकात त्या संचालक झाल्या, आणि एवढ्या मोठ्या विज्ञानसंस्थेची सूत्रे एका स्त्रीच्या हाती आली याचा आनंद त्यांचे केंब्रिजचे जुने स्नेही रिक्टर यांनी आवर्जून व्यक्त केला. टेबल देणारा माणूस तीस वर्षांनंतरही विसरला नव्हता.

१९६६ साली मुंबईत काही महिलांनी मिळून ग्राहकांच्या हितासाठी कन्झ्यूमर गायडन्स सोसायटी काढली, तिच्या संस्थापकांत कमलाबाई होत्या; १९८२-८३ साली त्या तिच्या अध्यक्षही झाल्या. हळदीत काय मिसळतात, वजनात कसे फसवतात, हे साध्या गृहिणीला कळावे म्हणून संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्यांनी लेखन केले. १९९८ साली, वयाची पंच्याऐंशी उलटल्यानंतर, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार योजला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच अवधीत त्यांचा अंत झाला.

त्याआधी वर्षभर एका महिला-शास्त्रज्ञांच्या मेळाव्यात त्या बोलल्या होत्या. रामन यांची शास्त्रातली थोरवी त्यांनी मान्य केली, आणि केवळ बाई म्हणून त्यांनी आपल्याला जे वागवले ते आपण कधीही विसरू शकलो नाही, हेही सांगितले. तो आपल्याला फार मोठा अपमान वाटला, आणि नोबेल मिळवणारा माणूस असा वागला तर इतरांकडून काय अपेक्षा करायची, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. चौसष्ट वर्षे लोटली होती. मधे केंब्रिज, पारितोषिके, संचालकपद सगळे येऊन गेले होते. तरी जखम होती तिथेच होती. यशस्वी झाली ना, मग झाले गेले विसरून जावे, असे आपण अशा बायकांना सहज सांगतो. कमलाबाईंनी क्षमा केली की नाही, हा त्यांचा प्रश्न. विसरण्याचे सोंग मात्र त्यांनी केले नाही, आणि मला त्यांच्या चरित्रातली ही गोष्ट त्यांच्या शोधांइतकीच मोलाची वाटते.

आता कायदे आहेत. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने विशाखा प्रकरणात कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाविषयी दंडक घालून दिले, आणि २०१३ साली त्याचा कायदा झाला. तो हवाच होता. परंतु तराजूची किल्ली, रात्रीची पाळी, निबंधावरच्या नावांचा क्रम, आणि चार वर्षे न हलणारी फाईल यांवर त्या कायद्याचे बोट सहजासहजी पडत नाही. संशोधन करणाऱ्या मुलाचे किंवा मुलीचे सारे भवितव्य एका मार्गदर्शकाच्या सहीवर लोंबकळत असते, तोवर या जागा अंधाऱ्याच राहणार. तिथे उजेड पाडायला वरच्या खुर्चीतल्या माणसाचे मन लागते, आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा आवाज लागतो.

आपल्या घरांतल्या मुली आज बंगलोरला, पुण्याला, परदेशी संशोधनासाठी जातात. सुटीत घरी आल्या म्हणजे आपण त्यांना पगार विचारतो, जेवणाचे हाल विचारतो, लग्नाचे तर हटकून विचारतो. तिथे तुला कामाला टेबल कोणी दिले, आणि किल्ली कोणाकडे असते, हेही एकदा विचारावे. कमला भागवतला ते विचारणारे घर इंदूरचे होते, असे मला मानावेसे वाटते.